दोन वड्यांमधलं पाणी

जानेवारीतल्या दुसऱ्या गुरुवारी कॉफीच्या खोलीतल्या पडद्यावर विभागाचं यश झळकलं, तेव्हा गुनवोर हेडलुंड कडक राईच्या पावावर ट्यूबमधून माशाच्या अंड्यांची खारट पेस्ट पिळत होती. पडद्यावर मोठा हिरवा बाण होता. बायोप्सीचा निकाल आता बारा दिवसांऐवजी सहा दिवसांत. त्याखाली प्रदेशाचा गुणवत्ता पुरस्कार, म्हणजे पाण्याच्या थेंबासारखी घडवलेली एक काच, आणि ती दोन्ही हातांनी धरून हसणारा प्राध्यापक टॉरब्यॉर्न. शेजारी प्रयोगशाळेची प्रमुख लीसेलॉट. ज्या सात जणांच्या हातांखालून हे सहा दिवस गेले होते, त्यांतलं कुणी फोटोत नव्हतं.

"छान आहे थेंब," गुनवोर शेजारच्या सिक्स्टेनला म्हणाली. "या विभागात निदान एवढं तरी पाणी स्वच्छ राहिलंय."

सिक्स्टेन तिच्याहून एका वर्षाने मोठा, तीच खुर्ची, तेच काम. तो हसला नाही. पाव चावत राहिला.

मग नव्या माणसांची पाळी. यंदा एकच होती. नव्या माणसाने उभं राहून स्वतःबद्दल तीन गोष्टी सांगायच्या असतात, आणि बाकीच्यांनी त्या ऐकून टाळ्या वाजवायच्या असतात. बहुतेक जण मांजर, स्कीइंग आणि जोडीदार सांगून बसतात. ही बाई उभी राहिली ती परीक्षेला उभी राहावी तशी.

"माझं नाव हनादी कद्दूर. आमच्या देशात, होम्स शहरात, मी बारा वर्षं प्रयोगशाळेत होते. इथे सहा वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे उकडले. नोव्हेंबरात प्रयोगशाळेत काम करायचा माझा परवाना आला." ती थांबली. "नाव धरून चार झाल्या का?"

लोक हसले, टाळ्या वाजल्या. लीसेलॉट म्हणाली, "गुनवोर तुला शिकवेल. आमची सगळ्यात अनुभवी." आणि पडद्यावरचं चित्र बदललं.

शिकवण्यासारखं काय होतं, हे त्या खोलीतल्या निम्म्या डॉक्टरांनाही नीट सांगता आलं नसतं. माणसाच्या पोटातून, स्तनातून, आतड्यातून काढलेला तुकडा पॅराफिन मेणात बसवतात. त्याची काड्यापेटीपेक्षा लहान वडी होते. वडी बर्फावर थंड करायची, यंत्रात अडकवायची आणि पात्याने तिचे काप काढायचे, इतके पातळ की ते हातात धरता येत नाहीत. फुंकरीने उडतात, उसाशाने चुरगळतात. एकमेकांना चिकटून त्यांची फीत होते. ती फीत कोमट पाण्याच्या थाळ्यावर सोडली की साय पसरावी तशी पसरते. मग खालून काचपट्टी घालून ती अलगद उचलायची. डॉक्टर नंतर त्या काचेकडे बघून ठरवतात, हा माणूस जगणार कसा.

गुनवोर हे एकोणीसशे एकोणनव्वदपासून करत होती. नॉर्हाम्न शहराच्या वर, जंगलातल्या गावी, तिचा बाप लाकडाच्या गिरणीत होता आणि त्याच्या डाव्या हाताला तीनच बोटं होती. पात्यासमोर बसलं की आणखी कशाचाही विचार करायचा नाही, एवढी एकच शिकवण घेऊन ती विद्यापीठाच्या रुग्णालयात आली. वडी फार थंड असली तर काप तडकतात, तेव्हा ती तोंड जवळ नेऊन वडीवर हलकेच श्वास सोडायची. किती सोडायचा, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. लग्न झालं, मोडलं. मूल नव्हतं. मार्चमध्ये बहिणीबरोबर गोठलेल्या तळ्यावर भोक पाडून मासे धरायला बसायची, आणि तिथेही दोघी तासचे तास बोलायच्या नाहीत. कमी बोलण्याची तिला लाज नव्हती. तिकडे ती कुणालाच नसते.

तिच्या हाताला एक सवय होती. एक वडी संपली की ती कागदाची पट्टी पाण्यावरून या कडेपासून त्या कडेपर्यंत ओढायची. पाण्यावर कणसुद्धा राहता कामा नये. राहिला, तर तो पुढच्या माणसाच्या काचेवर जाऊन बसतो. आधीच्या वडीत कर्करोग असेल तर पुढच्या धडधाकट माणसालाही कर्करोग होतो. कागदावर होतो, पण कागदावरचा पोट कापायला पुरतो. म्हणून वडी, पट्टी, वडी, पट्टी.

दोन वर्षांपूर्वी राजधानीहून एक सल्लागार आला. त्याच्या गळ्यात वेळ मोजायचं घड्याळ होतं आणि पायांत स्वच्छ पांढरे बूट. तो दोन दिवस मागे उभा राहिला. एका पुसण्याला अकरा सेकंद लागतात, असा त्याचा शोध होता. दिवसाच्या शेकडो वड्या, गुणिले अकरा. गेल्या सप्टेंबरमध्ये नवी कार्यपद्धती आली: पाणी दर वीस वड्यांनंतर पुसावं. भिंतीवर पांढरा फळा लागला. त्यावर प्रत्येकाच्या नावापुढे चुंबकाची टिकली, हिरवी, पिवळी किंवा लाल, ताशी किती वड्या होतात त्यावरून. शाळेत हे मुलांच्या बाबतीत केलं तर पालक तक्रार करतात.

त्या सप्टेंबरात बैठक झाली होती. तिथे बैठक म्हणजे टेबलाभोवतीची फेरी. एकेकाला पाळी मिळते, कुणी कुणाला तोडत नाही, आणि ज्याला बोलायचं नसेल तो म्हणतो, "मला जोडण्यासारखं काही नाही." हे वाक्य त्या इमारतीत इतक्या वेळा म्हटलं गेलं असेल की भिंतींना ते पाठ असावं. कापणाऱ्या सातही जणांनी ते म्हटलं. त्यांत गुनवोरही होती. मग ती आपल्या जागेवर गेली आणि पहिल्याच वडीनंतर कागदाची पट्टी उचलून पाणी पुसलं. तिची टिकली लाल झाली ती लालच राहिली. एकसष्ट वर्षांच्या बाईला कोण काय करणार? लाल तर लाल. तिला वाटलं, आपण लढतोय.

हनादी शिकायला बसली तेव्हा पहिल्या दिवशी म्हणाली, "मादाम गुनवोर, इथल्या यंत्राचं पातं फार चांगलं आहे."

"मादाम म्हणू नकोस. मादाम असते तर इथे बर्फात बोटं घालून बसले नसते. इथे प्राध्यापकालाही अरे-तुरे करतात."

"प्राध्यापक मला नमस्कारही करत नाही."

"अरे-तुरे करतात म्हटलं. ओळखतात असं कुठे म्हटलं?"

हनादीचे हात उत्तम होते. सहा वर्षं बटाट्यांच्या पातेल्यात घालवूनही बोटं विसरली नव्हती. त्या बोटांना सहा वर्षं बाहेर कुणी उभं केलं, कुठल्या अर्जावर कुठला शिक्का कमी पडला, याचा विचार केला की गुनवोरच्या कपाळाची शीर तडतडायची. तिने हनादीला श्वास कसा सोडायचा ते दाखवलं. पट्टी कशी ओढायची तेही.

"कागदावर वीस लिहिलंय," हनादी म्हणाली.

"कागद लिहिणाऱ्याने कधी वडी कापलेली नाही. माझ्याकडे बघ आणि तसं कर."

पाच आठवडे तिने तसं केलं. मग एका सोमवारी लीसेलॉटने तिला खोलीत बोलावलं. लीसेलॉट ही गुनवोरचीच विद्यार्थिनी. पंचवीस वर्षांपूर्वी पाण्यातून काप उचलता येईना म्हणून रडायची, आणि गुनवोर तिचा हात हातात धरून उचलून दाखवायची. आता ती काप उचलत नाही. हनादी परत आली, यंत्राशी बसली, एक वडी कापली, दुसरी लावली. पाणी पुसलं नाही.

गुनवोरने ते पाहिलं. "पट्टी?"

"माझी टिकली लाल आहे. जूनअखेरपर्यंत माझी नोकरी कच्ची, मी परीक्षेवर आहे. ती म्हणाली, परीक्षेचा काळ कार्यपद्धती पाळण्यासाठी असतो, जुन्या सवयी शिकण्यासाठी नाही."

"आणि तू ऐकलंस?"

हनादीने पातं थांबवलं. "तुला लाल टिकली म्हणजे गंमत आहे, गुनवोर. तुला कोण काढणार? मला काढतील. मी पुन्हा बटाट्यांकडे जाणार नाही. लिहिलेलं पाळलं म्हणून कुणी शिक्षा करत नाही, एवढं तरी या देशात खरं आहे ना?"

गुनवोरने दाराकडे पाहिलं. उठून लीसेलॉटच्या खोलीत जायला तीस पावलं लागली असती. ती गेली नाही. तिने हनादीच्या कानाशी वाकून एवढंच म्हटलं, "निदान कर्करोगाच्या वडीनंतर तरी पूस." पण वडीवर तसं लिहिलेलं नसतं, ते काप पाहिल्यावरच कळतं. हे तिलाही माहीत होतं. तरी म्हणाली, आणि आपण काहीतरी केलं असं समाधान घेऊन घरी गेली.

एप्रिलच्या मध्याला छतावरचं बर्फ ठिबकत असताना ते घडलं. चव्वेचाळीस वर्षांचा एक माणूस, शाळेची बस चालवणारा. जळजळ होते म्हणून पोटातून तुकडा काढलेला. काचेवर कर्करोग. पोट काढून टाकायची तारीख ठरली. शस्त्रक्रियेच्या दोन दिवस आधी एका डॉक्टरीणबाईला काहीतरी खटकलं. तिने त्याच वडीचे नवे काप मागवले. कर्करोग कुठेच नव्हता. पहिल्या काचेच्या कडेला जो कण होता तो त्याचा नव्हताच. यादीत त्याच्या आधी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एका म्हाताऱ्याची वडी होती. पाण्यावरून कण आला आणि बसला. शस्त्रक्रिया थांबली. पण मधले तेवीस दिवस त्या माणसाने मरणाची तयारी केली होती. शिकारीची कुत्री त्याने भावाला देऊन टाकली होती, कारण आता शरदात तिला जंगलात कोण नेणार? अहवालात हे एक वाक्य कुणीतरी ठेवलं होतं. गुनवोरला बाकी सगळं सोडून ते टोचत राहिलं.

काचेवर कापणाऱ्याचा क्रमांक असतो. क्रमांक हनादीचा होता.

गुरुवारी, कॉफीच्याच वेळी, बैठक बोलावली. टेबलावर हिरव्या मार्झिपानचा, म्हणजे बदामाच्या लगद्याचा, केक होता, कारण त्याच सकाळी विभागाचं नाव देशपातळीच्या पुरस्कारासाठी गेल्याची बातमी आली होती आणि केक आधीच मागवलेला होता. तो परत पाठवायचं कुणाला सुचलं नाही. हनादी केकासमोरच बसली होती. तिचे दोन्ही हात मांडीवर होते.

लीसेलॉटने अहवाल वाचला. आवाज मऊ होता, आजाऱ्याला खाऊ घालावं तसा. "कारण: वैयक्तिक चूक. संबंधित व्यक्ती नवी असून प्रशिक्षण पुरेसं आत्मसात झालेलं नाही. उपाय: परीक्षेचा काळ थांबवून नेमणूक संपवण्यात येत आहे. आपण कुणाला दोष देत नाही आहोत. आपण शिकतो आहोत. फेरी घेऊ या."

प्राध्यापक टॉरब्यॉर्नने सुरी बाजूला ठेवली. "अशा वेळी एकमेकांना सांभाळायचं असतं," तो म्हणाला. "मला आणखी जोडण्यासारखं काही नाही."

शेजारच्या डॉक्टरला जोडण्यासारखं काही नव्हतं. त्याच्या शेजारच्यालाही. फेरी टेबलावरून सरकत आली, एक एक खुर्ची, आणि प्रत्येक खुर्चीपाशी हनादी थोडी थोडी कमी होत होती. हनादीकडे बघणं गुनवोरला शक्य नव्हतं.

"गुनवोर?"

"अहवालात वीस वड्यांचं का नाही?"

"म्हणजे?"

"पाणी वीस वड्यांनंतर पुसायचं, असं आपल्या कार्यपद्धतीत आहे. हनादीने ते पाळलं. तू बोलावून घेऊन तिला पाळायला लावलंस. ते अहवालात का नाही?"

"गुनवोर, ही बैठक कार्यपद्धतीवर नाही."

"मग कशावर आहे? केकवर?"

कुणीतरी कप खाली ठेवला. एकोणचाळीस वर्षांत—नाही, चौतीस—गुनवोर फेरीत इतकं कधी बोलली नव्हती, आणि वर्षांचा हिशेबही तिच्या डोक्यात नीट लागेना. ती उभी राहिली. उभं राहायची पद्धत नव्हती.

"वैयक्तिक चूक म्हणतेस? बाईचे हात तुझ्यापेक्षा चांगले आहेत, लीसेलॉट. तुझे हात मला माहीत आहेत, मी धरलेत ते. चूक वैयक्तिकच आहे, पण व्यक्ती दुसरी आहे. सप्टेंबरात ही अकरा सेकंद वाचवायची गोष्ट इथे मांडली तेव्हा मला माहीत होतं की एक दिवस हे होणार. मी म्हणाले, मला जोडण्यासारखं काही नाही. मग जागेवर गेले आणि स्वतःचं पाणी पुसत बसले. आजपर्यंत प्रत्येक वडीनंतर पुसलंय. स्वतःचं पाणी स्वच्छ, झालं. ते लिही. नावासकट लिही. माझा आक्षेप बैठकीच्या नोंदीत गेला पाहिजे, तो माझा हक्क आहे."

टॉरब्यॉर्न म्हणाला, "गुनवोर, तुझ्या भावना आम्ही समजू शकतो—"

"भावना नाही रे बाबा. पाणी."

ती बसली. लीसेलॉटने मान खाली घालून काहीतरी लिहिल्यासारखं केलं आणि कोरड्या आवाजात म्हणाली, "सिक्स्टेन?"

सिक्स्टेनने समोरची बशी बाजूला सारली. मग टेबलाशी बोलल्यासारखं म्हणाला, "मीपण पुसतो."

"काय?"

"प्रत्येक वडीनंतर. टिकली हिरवी राहावी म्हणून सकाळी सव्वासहाला येतो. हजेरी सातला लावतो."

त्याच्या पलीकडच्या बाईने, जी हिवाळाभर जेवायला कधी सगळ्यांबरोबर बसली नव्हती, डोळे पुसले. "मीही. मी जेवणाच्या सुट्टीत कापते." मग आणखी एक जण. मग आणखी एक. फेरी संपली तेव्हा कळलं की हनादी येण्याआधी ज्या सात जणांनी ती कार्यपद्धती मान्य केली होती, त्यांतल्या सातही जणांनी ती एक दिवसही पाळली नव्हती. प्रत्येक जण पाठ वळवून, आपापल्या भिंतीकडे तोंड करून, चोरून स्वच्छ राहत होता. दुसऱ्याच्या थाळ्यात डोकावणं तिथे असभ्य समजतात. सहा दिवस आले ते वाचवलेल्या सेकंदांतून नव्हे, पहाटेच्या आणि जेवणाच्या वेळातून. पुरस्कार मिळाला तो ज्या युक्तीला, ती युक्ती करणारं माणूस अख्ख्या विभागात एकच होतं. ते नवं होतं आणि त्याने लिहिलेल्यावर विश्वास ठेवला होता.

खोलीत एक प्रकारचा सुटकेचा सुस्कारा पसरू लागला. एकमेकांकडे ओलसर डोळ्यांनी बघणं सुरू झालं. आपण सगळेच चांगले निघालो! सिक्स्टेनने गुनवोरच्या खांद्यावर हात ठेवला. त्याच क्षणी हनादी बोलली. तिची पाळी राहिली होती. ती द्यायची असते हे लीसेलॉटच्या लक्षात आलं नव्हतं.

"म्हणजे तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं."

सिक्स्टेनने खांद्यावरचा हात काढून घेतला, पण हनादी थांबली नाही.

"मी एकटीच मूर्ख. बरं. तसं लिहा. सगळ्यांना माहीत होतं, आणि कुणी सांगितलं नाही. आणि त्या बसवाल्याला जे पत्र जाईल त्यात हेच लिहा. आम्हाला खेद वाटतो, एवढंच पाठवू नका. त्याची कुत्री परत आणायला आपल्यापैकी कोण जाणार आहे?"

टॉरब्यॉर्नने अहवाल मागे घ्यायला सांगितलं. नवा अहवाल तीन आठवड्यांनी राज्याच्या तपासणी कार्यालयाकडे गेला, त्यावर सातही जणांच्या सह्या होत्या आणि कारणाच्या रकान्यात कार्यपद्धती होती. देशपातळीच्या पुरस्कारातून विभागाने नाव काढून घेतलं, म्हणजे तसं करायला वरून सांगितलं गेलं. निकालाचे दिवस साडेआठ झाले. लीसेलॉटची तीच खुर्ची, तीच खोली. तिला कुणी काही विचारलं नाही. सल्लागार आता दुसऱ्या एका प्रदेशात आहे म्हणतात. गुनवोरला मात्र वागणुकीबद्दल चर्चेला बोलावलं: केकचा उल्लेख अनावश्यक होता, असं ठरलं.

हनादीची नोकरी राहिली. जूनच्या शेवटच्या शुक्रवारी तिला ती कायम झाल्याचं पत्र मिळालं. कपडे बदलायच्या खोलीत गुनवोर तिच्यासाठी थांबली होती. अभिनंदन म्हणायचं होतं, आणखीही काही म्हणायचं होतं. ते कित्येक आठवडे तोंडाशी येऊन परत जात होतं. एप्रिलपासून हनादी तिच्याशी कामापुरतं बोलायची. पातं बदललं का, बर्फ आहे का, एवढंच.

"मिळालं ना," गुनवोर म्हणाली. "बरं झालं. माझ्यामुळे—"

"तुझ्यामुळे राहिली, माहीत आहे." हनादी बूट बांधत होती, वर न बघता. "तुझ्यामुळेच जाणारही होती. त्या सोमवारी तू माझ्या कानात सांगितलंस, कर्करोगाच्या वडीनंतर तरी पूस. आठवतं? कुठली वडी कर्करोगाची ते मला कसं कळणार होतं? तुलाही कळत नाही. मग ते तू कुणासाठी बोललीस?"

गुनवोर कपाटाला पाठ लावून उभी होती.

"मी राहीन. काम मला आवडतं," हनादी म्हणाली आणि पिशवी खांद्याला लावली. "पुन्हा असं काही दिसलं तर माझ्या कानात सांगू नकोस. सगळ्यांसमोर सांग, आणि वेळेवर सांग. सोमवारी भेटू."

दार लागलं. बाहेर लख्ख ऊन होतं आणि लोक उन्हाळ्याच्या सुट्टीवर निघाले होते. गुनवोर बाकावर बसली. तिला राग आला होता, आणि यावेळी तो कुणावर काढावा हे शोधायला फार लांब जायची गरज नव्हती.